श्रावणाची कावड आणि सामाचा दोर

श्रावणबाळाची गोष्ट बाळपणी ऐकली नाही असा मराठी मनुष्य विरळाच. खांद्यावर कावड, तिच्या दोन पारड्यांत आंधळे आईबाप, पुढे यात्रेची लांबलचक वाट; मग तहान, शरयूचे पाणी, दशरथाचा बाण आणि पुत्रशोकाचा शाप. कीर्तनकारांनी ही कथा गावोगाव नेली, शाळेच्या पुस्तकांनी ती मुलांच्या तोंडी बसविली, आणि महाराष्ट्र शासनाने पासष्ट वर्षे व त्यापुढील निराधार वृद्धांसाठी निवृत्तिवेतनाची योजना काढिली तेव्हा तीसही याच मुलाचे नाव दिले. जी कथा एवढी मान्यता पावली आहे, जिच्यावरून चांगल्या व वाईट मुलाची पारख आपण आजही करितो, तिचे परीक्षण फारसे कोणी केलेले आमच्या पाहण्यात नाही. ते करण्याचे आम्ही येथे योजिले आहे. श्रावणाच्या मातृपितृभक्तीविषयी आमच्या मनात तिळमात्र शंका नाही. आमचा प्रश्न कावडीत बसलेल्या दोघांविषयी आहे.

ती दोघे कथेत करितात काय? ती बसतात, तहानेने व्याकुळ होतात, वाट पाहतात, रडतात, शाप देतात आणि मरतात. त्यांचे डोळे गेले आहेत, पाय गेलेले नाहीत. तथापि कथाकाराने डोळ्यांबरोबर त्यांचे पायही काढून घेतले, हातही काढून घेतले, आणि शेकडो वर्षे ऐकणाऱ्या श्रोत्यांपैकी कोणास त्यात काही वावगे वाटले नाही. आंधळा म्हातारा म्हणजे वाहून नेण्याची वस्तू, ही समजूत आपल्या मनात इतकी मुरलेली आहे की, दोन चालती माणसे पारड्यात का बसली, हे विचारण्याचेही कोणास सुचत नाही.

हा दोष मूळच्या कवीचा म्हणावा, तर तसेही नाही. वाल्मीकिरामायणाच्या अयोध्याकांडात मरणोन्मुख दशरथ कौसल्येस ही हकीकत सांगतो. तीत मुलाचे नाव श्रावण नाही आणि कावडही नाही. मुलगा आश्रमात आईबापांसह राहतो व रात्री घागर घेऊन नदीवर आलेला असतो. कालिदासाने रघुवंशाच्या नवव्या सर्गात हीच कथा घेतली. तेथेही मुलगा अनामिकच आहे. अर्थात् कावड ही मागाहून लोककथेने घातलेली भर होय. मात्र तिचे बीज आदिकवीच्या वर्णनात सापडते. पंख छाटलेल्या पक्ष्यांची उपमा त्याने त्या वृद्ध दांपत्यास दिली आहे. दशरथ आश्रमात शिरतो तेव्हा त्याच्या पावलांचा आवाज ऐकून बापास वाटते, मुलगाच आला; आणि पाणी आणावयास एवढा उशीर का, असे तो विचारतो. करुणरसाच्या दृष्टीने या प्रसंगास तोड नाही. परंतु आंधळ्या माणसाचे निरीक्षण म्हणून तो पटतो काय? जो मनुष्य वर्षानुवर्षे एकाच मुलाच्या चाहुलीवर जगला, त्यास एका सशस्त्र राजाचे पाऊल आपल्या मुलाचे वाटावे, हे आम्हांस संभवनीय वाटत नाही. वाल्मीकीस येथे वाचकाच्या डोळ्यांत पाणी आणावयाचे होते आणि ते त्याने आणिले. त्यासाठी म्हाताऱ्याचे कान मात्र त्यास खर्ची घालावे लागले.

याच कथेचे एक निराळे रूप पाली जातकांत आहे. पाचशे चाळिसावे ते सामजातक. जातकांचा मराठी अनुवाद दुर्गा भागवत यांनी ‘सिद्धार्थ जातक’ या नावाने केला आहे, तेव्हा मूळ पाली न जाणणाऱ्या वाचकासही ही कथा दुर्लभ नाही. तिच्यातील आईबाप दुकूल व पारिका हे तापस असून सर्पाच्या विषारी फुत्काराने त्यांची दृष्टी गेलेली आहे. मुलाचे नाव साम. आईबाप आंधळे झालेले पाहून तो पहिली गोष्ट करितो ती ही: आश्रमात तो चोहोंकडे दोर बांधितो. रात्री निजण्याची जागा, दिवसा बसण्याची जागा, फेऱ्या घालण्याची जागा, शौचास जाण्याची जागा, या सर्वांकडे दोर जातात. दोर धरून आईबापांनी हवे तेथे जावे. मग तो अरण्यात कंदमुळे व फळे आणावयास निघून जातो. पुढे वाराणसीचा राजा पिलियक्ख हा विषारी बाणाने त्यास पाडतो आणि ती वार्ता घेऊन आश्रमात येतो. तेव्हा म्हातारा पावलांचा आवाज ऐकून म्हणतो की, हे कोणा माणसाचे पाऊल आहे खरे, पण आमच्या सामाचे नव्हे. शेवटी सत्यक्रियेच्या बळाने साम उठतो व आईबापांस दृष्टी परत मिळते.

एकच कथा, परंतु दोन कवींचे पाहणे किती भिन्न! एकाच्या म्हाताऱ्यास परके पाऊल मुलाचे वाटते. दुसऱ्याचा म्हातारा ते तत्काळ ओळखतो. लोककथेने पुढे मुलाच्या खांद्यावर कावड दिली. जातककाराने म्हाताऱ्यांच्या हाती दोर दिला. जातकातही ती दोघे सर्वस्वी स्वावलंबी नाहीत, हे आम्ही जाणतो. अन्नपाणी सामच आणतो, आणि बाण लागल्यावर आपल्यामागे आईबापांचे काय होईल हेच दुःख त्यास जाळते. पण आश्रमाच्या आवारात ती हिंडतात, फिरतात, आपल्या देहाचे विधी आपण उरकितात. मोक्षाच्या गोष्टी सांगण्यास बसलेल्या एका भिक्षूने शौचाची वाटही ध्यानात ठेवावी, यास आम्ही प्रतिभेचे लक्षण समजतो. आंधळ्या वृद्धास लाज वाटते ती भाकर दुसऱ्याने करून वाढल्याची नव्हे. त्या वाटेने दुसऱ्याने हात धरून नेल्याची वाटते. हे ज्यास कळले त्याने आंधळा मनुष्य खरोखर पाहिला होता.

ही कथा आम्हांस परकी वाटू नये, याचे आणखी एक कारण आहे. आम्ही राहतो त्या बुलढाणा जिल्ह्याचा माथा ज्या डोंगररांगेवर आहे, तिलाच अजिंठ्याचे डोंगर म्हणतात. बुलढाण्याहून पश्चिमेस, याच रांगेत, अजिंठ्याच्या दहाव्या लेण्यात इसवी सनापूर्वीच्या चित्रकाराने ही कथा रंगविली; पुढे पाचव्या शतकात सतराव्या लेण्यात ती पुन्हा रंगविली गेली. म्हणजे साम हा आमच्या डोंगरातला मुलगा आहे. आम्ही मात्र त्यास विसरलो आणि कावड घेऊन बसलो.

आमच्या भाषेची साक्ष काढिली तरी हेच दिसून येते. ‘आंधळ्याची काठी’ हा शब्दप्रयोग घ्या. काठी ही मूळची आंधळ्याच्या स्वतःच्या हातातील वस्तू. तो ती टेकतो, आपटतो, तिच्या टोकाने उंबरा, गटार, दगड व चिखल ओळखतो. ती त्याचे लांबविलेले बोट होय. पण म्हणीत शिरताच त्या काठीचा मुलगा झाला. ‘हा एवढाच तिच्या आंधळ्याची काठी’ असे आपण म्हणतो, आणि ज्यावर म्हाताऱ्याची सत्ता होती ते साधन जाऊन ज्याच्या सवडीवर त्याने राहावयाचे तो मनुष्य तेथे येतो. मुलगा पुण्यास वा मुंबईस नोकरीस गेला की काठी गेली! उलट ‘आंधळं दळतं, कुत्रं पीठ खातं’ ही म्हण पाहा. गैरकारभाराची थट्टा करण्यास ती आपण नित्य वापरतो व हसतो. पण तिच्यात आंधळे माणूस दळते आहे, हे कोणी ध्यानात घेतले आहे काय? आमच्या वाङ्मयात काम करणारे आंधळे माणूस शोधू जाता ते या म्हणीत सापडते. त्याच्या दळण्यात काही उणे नाही. जात्याची पाळी आणि पिठाचा जाडबारीकपणा हातास कळतो. उणे आहे ते पिठावर झाकण नाही आणि दाराशी फळी नाही एवढेच. तेथे दुसऱ्या दळणाऱ्याची गरज नाही. एका झाकणाची आहे.

म्हणींपलीकडे ग्रंथांत पाहावे तर दोनच जातींचे आंधळे भेटतात. एक दयेचा विषय झालेला, आणि दुसरा प्रज्ञाचक्षू. बाल्यातच दृष्टी गमावून शंभरावर ग्रंथ सांगणारे माधानचे गुलाबराव महाराज (१८८१ ते १९१५) हे आमच्या वऱ्हाडाचे भूषणच होत. पण प्रत्येक आंधळ्याकडून अंतर्दृष्टीची अपेक्षा करणे, ही त्यास माणसांतून उठविण्याची दुसरी रीत आहे. ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात वार्धक्याचे जे भेदक वर्णन आहे त्यात म्हाताऱ्याच्या डोळ्यांस पिकलेल्या पडवळाची उपमा येते. ती वैराग्य उपजविण्यासाठी आहे, आणि तेथे ती शोभते. पण त्या डोळ्यांनी उद्या सकाळी चूल कशी पेटवावी, हे सांगणे तिचे काम नव्हे. ते काम गद्याचे होते, आणि आमच्या गद्याने ते अजून हाती घेतलेले नाही.

याचे एक कारण असे दिसते की, वृद्धापकाळी जाणारी दृष्टी ही आंधळेपणाहून निराळी वस्तू आहे, हेच आम्हांस उमगलेले नाही. चाळिसाव्या वर्षी जवळचे दिसेनासे होते त्या अवस्थेस मराठीने ‘चाळिशी’ हे किती प्रसन्न नाव दिले! त्या नावात लाज नाही, कीव नाही. नाकावर चष्मा चढवून मनुष्य पुढील कामास लागतो. पंचाहत्तरीस मात्र भाषा एकदम ‘आंधळा’ म्हणून मोकळी होते. वस्तुतः त्या वयाचे डोळे पुष्कळ प्रकारांनी जातात. मोतीबिंदूत सारेच धुक्यात बुडाल्यासारखे दिसते व समोरचा प्रकाश डोळ्यांत घुसतो. काचबिंदूत बाजूचे आधी जाते. मनुष्य नळीतून पाहिल्यासारखे समोरचे पाहतो व दाराच्या चौकटीवर खांदा आपटतो. दृष्टिपटलाचा मध्य झिजला म्हणजे नेमके उलट होते: कडेचे दिसते, पण जेथे नजर रोखावी तेथेच डाग पडतो. पहिल्या प्रकारावर शस्त्रक्रियेचा उपाय आहे. २०१५ ते २०१९ या काळात झालेल्या राष्ट्रीय पाहणीत पन्नाशीपुढील अंधांपैकी सुमारे दोनतृतीयांशांचे अंधत्व मोतीबिंदूचेच आढळले. म्हणजे तेवढे लोक उपाय असून अंधारात होते. अंधत्वनिवारणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ पासून चालू असताही ही स्थिती राहावी, याचे एक कारण आम्हांस आपल्या कल्पनेत दिसते. म्हातारपणी डोळे जायचेच, असे एकदा धरून चालले की दवाखान्याची वाट कोण धरणार? कावडीची कथा येथे नुसती कथा राहत नाही, ती रोगाची सोबतीण होते. राहिलेल्या दोन प्रकारांत गेलेली दृष्टी परत येत नाही. उरलेली राखावी लागते. आणि तेथे प्रश्न दोराचा येतो.

हे सारे आम्ही ग्रंथांतून शिकलो असतो तर बरे होते. चिखली तालुक्यातील एका खेड्यात आमची एक आत्या राहते. वय ऐंशीच्या पुढे. नवरा मागेच वारला, मुलगा पुण्यास. तिच्या दृष्टिपटलाचा मध्य गेलेला आहे. समोर उभ्या राहिलेल्या शेजारणीचा चेहरा तिला दिसत नाही, पण बाजूस पडलेली सुपारी ती वाकून उचलते. त्यामुळे गावात काही दिवस ती ढोंगी ठरली. ज्या भाषेत दिसणारा आणि आंधळा असे दोनच शब्द, तेथे अर्धे दिसणारा ढोंगीच ठरावयाचा! चुलीवर तिचा हात पोळल्याचे कळले तेव्हा आम्हीच पुढाकार घेऊन तिला पुण्यास पोहोचविले. मुलाने व सुनेने काही उणे केले नाही. पाण्याचा पेला हातात, ताट हातात, उठू लागली की धावून जाणे. दीड महिन्यात ती खुर्चीवरून स्वतः उठेनाशी झाली. परत नेऊन सोडा, असा तिने हट्ट धरला तेव्हा आम्ही तिला कृतघ्न म्हणालो. कावड उचलणाऱ्यांत आम्हीही होतो, हे येथे कबूल केले पाहिजे.

गावी परतल्यावर तिने मागल्या दारापासून शौचालयापर्यंत वाळवणाची दोरी कमरेइतक्या उंचीवर ताणून घेतली. सामजातक तिने ऐकलेले नाही. पायऱ्यांच्या कडांस चुन्याचा पट्टा ओढविला, कारण काळ्या दगडावर पांढरी कड तिला अजून दिसते. भात काळ्या तव्यासारख्या ताटलीत, आणि ज्वारीची भाकर काठाच्या पितळीत. मिठाच्या बरणीस दोरा बांधलेला, साखरेची मोकळी. पाणी ओतताना पेल्याच्या काठावर बोट. घागर भरत आली की तिचा आवाज बारीक होतो, हे तिला पूर्वीही ठाऊक होते. आता ते कामास आले. घरातील कोणतीही वस्तू कोणी हलवावयाची नाही, हा एकच कायदा. आम्ही एकदा पाट उचलून भिंतीशी ठेविला त्याबद्दल बोलणी खाल्ली. ‘माह्या घरात माहे हात पायतेत,’ ती म्हणाली, ‘तुमच्या घरात डोये असते तरी मले काय दिसलं असतं?’ या एका वाक्यात जी टीका आहे ती आमच्या या साऱ्या लेखात नाही.

तिने दोन वर्षे लपविलेली एक गोष्ट मात्र आम्हांस अधिक जाचते. सांजवेळी भिंतीशी लहान मुले ओळीने उभी राहिलेली तिला दिसत. ती बोलत नसत, जवळ येत नसत. बाहेरची बाधा म्हणतील, नाही तर वेड लागले म्हणतील, या भयाने तिने तोंड मिटून घेतले होते. जिनीव्हाच्या शार्ल बॉने या निसर्गशास्त्रज्ञाने १७६० सालीच ही गोष्ट आपल्या आजोबांविषयी लिहून ठेविली आहे. दृष्टी मंदावलेल्या त्या शहाण्यासुरत्या वृद्धास माणसे, पक्षी व इमारती दिसत, आणि ती खरी नव्हेत हे त्यास पक्के कळत असे. डोळ्यांकडून पुरेसा मजकूर येईनासा झाला म्हणजे मेंदू आपल्या पदरची चित्रे काढू लागतो, एवढाच त्याचा अर्थ. हे वैद्याने सांगितल्यावर आत्या हसली व म्हणाली की, मग राहू द्या पोरांना. आमच्या कथाकारांनी भुतांच्या गोष्टी ढिगांनी लिहिल्या. ही एक गोष्ट कोणी लिहिली असती तर एका म्हातारीची दोन वर्षांची भीती वाचली असती. वाङ्मयाचा उपयोग काय, असे विचारणारांस आम्ही हे उदाहरण देऊ.

यावर आक्षेप येईल की, आम्ही मुलांस कर्तव्यातून मोकळे करीत आहो. उद्या म्हातारी पडली, झडली, तर दोर तिला उचलणार आहे काय? आक्षेप खोटा नाही. आत्या गेल्या पावसाळ्यात एकदा घसरली. शेजारच्या पोराने उचलली. एकटे राहण्यात धोका आहे, आणि ज्याची शक्ती व बुद्धी दोन्ही ढळली त्यास दोर पुरा पडणार नाही, हेही खरे. पण दोर बांधणारा साम मुलगाच होता, हे आक्षेपकांनी विसरू नये. त्याने सेवा सोडली नाही. सेवेचा आरंभ कोठून करावयाचा ते ओळखले. आधी आईबापांस आपल्यावाचून जितके करता येईल तितके करण्याची सोय केली, आणि मग उरलेले अंगावर घेतले. आमच्या जिल्ह्यातील मुलांसही पोटासाठी अरण्यात जावेच लागते. ते अरण्य आता पुण्यामुंबईकडे आहे. दररोज रात्री दूरध्वनी करून ‘एकटी कशी राहतेस’ म्हणून हळहळण्यापेक्षा त्याने एक दिवस येऊन दोर बांधावा, दिव्याची जागा बदलावी, आईस डोळ्यांच्या वैद्याकडे न्यावे, आणि मराठीतून बोलणारा दूरध्वनी तिच्या हाताच्या सवयीचा होईपर्यंत दोन दिवस अधिक राहावे.

हे केवळ मुलांचेही काम नाही. निवृत्तिवेतनाच्या योजनेस श्रावणाचे नाव असले तरी पैसा वृद्धाच्या स्वतःच्या खात्यात जमा होतो. कृती नावाहून शहाणी आहे. परंतु तो पैसा बँकेतून हातात आला की पंचाईत उभी राहते. आजच्या शंभर, दोनशे व पाचशे रुपयांच्या नोटांची लांबी अनुक्रमे १४२, १४६ व १५० मिलिमीटर. चार मिलिमीटरांचा फरक ऐंशी वर्षांच्या बोटांनी ओळखावा, अशी अपेक्षा! कडेच्या उठावाच्या रेघा नोट कोरी असेतो लागतात, मळली की पुसट होतात. २०२० साली रिझर्व्ह बँकेने नोट ओळखून बोलणारी ‘मणी’ नावाची सोय दूरध्वनीवर केली आहे. जिच्या हाती तसा दूरध्वनी आहे तिला ती उपयोगी पडेल. आत्याने आपल्यापुरती निराळी रीत काढिली आहे. मक्त्याचे पैसे आले की शेजारच्या पोराकडून ती एकदाच नोटा लावून घेते: पाचशेची सरळ, दोनशेची एकदा दुमडून, शंभराची दोनदा. मग बाजारात तिला कोणास काही विचारावे लागत नाही.